डंपाची पाहणी

आमच्या डिचोली तालुक्यात गावचा इतिहास तीन तुकड्यांत सांगतात. खाणीच्या आधी, खाण चालू असताना आणि खाण बंद पडल्यावर. पोर्तुगीज गेले ते १९६१ साल सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणाचं लग्न कधी झालं, कुठली विहीर कधी आटली, हे सांगताना माणसं खाणीचंच साल धरतात. या इतिहासात लोखंडाच्या दगडाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. किती टन गेला, कुठल्या देशात गेला, पैसा किती आला. तो दगड काढायला जी माती बाजूला टाकली, तिच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. मी त्या मातीच्या पायथ्याशी शेती करणारा माणूस. १९७६ साली दहावी झालो आणि वडिलांच्या मागून शेतात उतरलो. म्हणून मी त्या मातीचाच इतिहास सांगतो. आणि ती माती जागेवर राहते की नाही हे बघायला वेळोवेळी जे आले, त्यांचाही.

खाणीच्या आधीचा आमचा डोंगर मी वडिलांच्या तोंडूनच जास्त ऐकला. माथ्यावर जांभ्या दगडाचं सडं. उतारावर काजू, कुमयो, करवंदाच्या जाळ्या. मधल्या पट्ट्यात कुमेरीची नाचणी. पायथ्याला झरीच्या पाण्यावर कुळागरं आणि त्याच्या खाली शेतं. पावसाळ्यातलं सरद आणि दिवाळीनंतरचं वायंगण, अशी दोन पिकं निघत. वायंगण काढल्यावर उरल्या ओलीवर आळसांदे आणि मिरची.

पाऊस तेव्हाही आजच्यासारखाच होता. वाळपईच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आमच्याकडे थोडा कमी. एवढ्या पावसात डोंगराची माती खाली येणारच, ती तेव्हाही येत होती. पण जांभ्याचं टोपण आणि झाडाझुडपांची मुळं यांच्यातून गाळून येणारी ती माती थोडी आणि पोषक असायची. वडील म्हणायचे, डोंगर शेताला दर वर्षी मूठभर खत घालतो.

आणि त्या काळी पाहणीही होत होती, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. धूप, मृदसंधारण हे शब्द कुणाला माहीत नव्हते. पण गावकरीची, म्हणजे पोर्तुगीज जिला कोमुनिदाद म्हणत त्या गावसंस्थेची माणसं मिरगाच्या आधी व्हाळाच्या काठाने चालत जायची. बांध कुठे खचला, चर कुठे बुजली, मानशीची फळी कुठे कुजली ते बघायची. दुरुस्ती ज्यांची शेतं त्यांनी मिळून करायची. दुसरी फेरी असायची आषाढात, पाऊस भरात असताना, डोक्यावर खोळ घेऊन. ही दुसरी फेरी खरी. वडील सांगत, एका शेतकऱ्याने मे महिन्यात आपला बांध कसा मजबूत आहे ते थोपटून दाखवलं, तेव्हा म्हातारे गावकार एवढंच म्हणाले, "पावस येवंदी, मागीर पळोवया." पाऊस येऊ दे, मग बघू. आमच्याकडची ती साधी रीत होती. बांधाची परीक्षा पाणी घेतं.

पोर्तुगीज सरकारने खाणींसाठी १९०६ साली वसाहतींचा कायदा केला. त्या कायद्याखाली लोकांना खाणींच्या सवलती मिळत गेल्या, आणि त्या जवळजवळ कायमच्या होत्या. खरी निर्यात सुरू झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० नंतर जपानला दगड हवा होता आणि आमच्या डोंगरांत तो होता. सुरुवातीला पहारी, घण आणि बायकांच्या डोक्यावरच्या पाट्या. मग यंत्रं आली, ट्रक आले, मांडवीत बार्जी आल्या. टाकलेली माती परत लावायची जबाबदारी कुणावर असते, असं त्या काळी गावात कुणी ऐकलं नव्हतं. मुक्तीनंतर भारताचा १९५७ चा खाण कायदा इथे आला, तरी जुन्या सवलती तशाच राहिल्या. त्या रद्द करून त्यांचे भाडेपट्टे झाले ते संसदेच्या १९८७ च्या कायद्याने. म्हणजे मुक्तीनंतरही पंचवीस वर्षं आमचा डोंगर पोर्तुगीज कागदावरच खणला जात होता.

आता डंप म्हणजे काय ते सांगतो, कारण शहरातल्या पुष्कळ लोकांना तो साधा मातीचा ढीग वाटतो. आमच्याकडे एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती आणि मुरूम उचलावा लागतो. हा वरचा माल टाकायचा कुठे? जुन्या सवलती लहान, एकेक शंभर हेक्टरच्या आतली. मधोमध खड्डा, कडेला प्लांट आणि रस्ता. जागा उरायची नाही. खड्ड्यातच परत भरावा, तर खाली अजून खनिज असतं, ते कोण गाडणार? म्हणून माती चढत गेली उंच, आणि हद्द ओलांडून शेजारच्या जमिनीतही गेली. लहान जागेत उंच ढीग म्हटल्यावर उतार उभाच होणार.

त्यात आमची माती वेगळी. वरचा जांभा कठीण, पण त्याच्या खाली पिवळी, तांबडी, कुठे जांभळी चिकणमाती. खणताना वरचं खाली आणि खालचं वर होतं. जी माती लाखो वर्षं जांभ्याच्या टोपणाखाली झाकलेली होती, ती उघड्यावर येते. तिच्यात बियाणं नाही, मुळं नाहीत, गांडूळ नाही. मुसळधार पडला की आधी उतारावर बोटाएवढ्या चिरा पडतात. त्या चिरांच्या घळी होतात, आणि घळीतून जे खाली येतं त्याला आम्ही पाणी म्हणत नाही, चिखलाचा लोंढा म्हणतो. त्यातली वाळू-खडी व्हाळात बसते आणि व्हाळ उथळ होतो. बारीक माती पुढे शेतात येते. ती इतकी बारीक की भांड्यात धरून ठेवली तर दुसऱ्या दिवशीही पाणी तांबडंच राहतं. शेतात बसली की सुकून कौलासारखी कडक होते. नांगराचा फाळ वरून घसरतो, भाताच्या मुळाला हवा मिळत नाही.

आमचं शेत पंचवीसशे चौरस मीटरचं. चांगल्या वर्षी सरदाला तीन खंडी भात व्हायचं. १९८५ च्या पुढे ते दोनवर आलं, मग दीडवर. वायंगण तर व्हाळ बुजल्यावर सुटलंच. काही वर्षं खाणीवाल्यांकडून नुकसानभरपाई मिळाली. पेरू नका, पैसे घ्या. शेजाऱ्यांनी घेतले, आम्हीही घेतले. घरात आजारपण होतं, मुलांची शाळा होती. गावातल्या अर्ध्या घरांच्या दारात ट्रक उभा होता आणि त्या ट्रकाचा हप्ता खाणीवरच फिटत होता. हे सगळं लक्षात ठेवूनच बोललं पाहिजे. खाण वाईट आणि गाव चांगला, असा सोपा हिशेब आमच्याकडे नव्हता.

पाहणीचा कायदा आला तो या सगळ्यानंतर. १९८८ साली केंद्राने खनिज संवर्धन आणि विकास नियम केले. त्यात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं गेलं की वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवा आणि ती पुन्हा वापरा, टाकाऊ माती अशी रचा की ती वाहून जमीन बिघडवणार नाही, आणि खणलेली जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करा. नियम चांगला होता. पण आमच्या डोंगराची सुपीक माती तोवर तीस-पस्तीस वर्षं डंपाच्या पोटात गाडलेली होती. ती आता वेगळी कुठून काढणार?

पुढे १९९४ मध्ये पर्यावरण मंजुरीची अधिसूचना आली. मग २००३ साली खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला. खाण चालू असतानाच दर पाच वर्षांनी तो नव्याने मांडायचा, शेवटी अंतिम आराखडा द्यायचा, आणि कामं आराखड्याप्रमाणे झाली असा दाखला मिळाल्याशिवाय खाण सोडून जायचं नाही. हा दाखला भारतीय खाण ब्युरोचा. त्यांचं मुख्यालय नागपूरला, आमच्याकडचं कार्यालय मडगावला. काम झालं नाही तर सरकारच्या हाती काही असावं म्हणून हमीची रक्कमही ठरली. मोठ्या खाणींना वापरलेल्या जमिनीच्या हेक्टरमागे पंचवीस हजार रुपये. २०१७ च्या नियमांत ती तीन लाख झाली. पंचवीस हजाराचे तीन लाख झाले, यावरूनच आधीच्या रकमेत काय होण्यासारखं होतं ते कळतं. एक हेक्टर उभा डंप पायऱ्या पाडून, दगडी भिंत बांधून, झाडं जगवून बसवायचा म्हटला तर पंचवीस हजारात यंत्राचं डिझेलही भागलं नसतं.

या कायद्यांमुळे डंपावर काही कामं झाली, ती नाकारता येत नाहीत. उताराच्या पायऱ्या केल्या. पायथ्याला जांभ्या चिऱ्यांची भिंत घातली. डंपाच्या भोवती चर काढली, तिला गारलँड ड्रेन म्हणत, आणि चरीतलं पाणी गाळ बसवायच्या खड्ड्यांत सोडलं. काही ठिकाणी उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत लावलं. आणि झाडं लावली, बहुतेक अकेशिया.

अकेशियाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण डंपाच्या पाहणीत सगळ्यात जास्त गुण तोच मिळवून देतो. ते ऑस्ट्रेलियाकडचं झाड, निकस मातीतही जगतं, तीन-चार वर्षांत डोक्यावर जातं. लांबून फोटो काढला तर डंप हिरवागार दिसतो. पण झाडाखाली जाऊन बघा. पानं सुकून पडतात, लवकर कुजत नाहीत, त्यांच्या थराखाली गवत येत नाही. पावसाचं पाणी त्या पानांवरून सरकतं आणि खाली माती उघडीच राहते. वर झाड आणि खाली घळ, हे मी आमच्या डंपावर स्वतः पाहिलं आहे. गवत, वाळा, करवंद, काजू, कुमयो यांची मिसळ लावली असती तर माती धरली असती. वाळ्याची मुळं तर माणसाच्या उंचीहून खोल जातात. पण वाळा फोटोत जंगलासारखा दिसत नाही. मनावर घेतलं तर काम होतं, हेही खरं. साखळीजवळ एका जुन्या खाणीच्या जागी आज दाट झाडी, फुलपाखरांची बाग आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मासे आहेत. तिथे लोकांनी वर्षानुवर्षं लक्ष घातलं. एका मोसमात लावलं आणि सोडून दिलं, असं केलं नाही.

आमच्या डंपाची एक पाहणी मला नीट आठवते, २००६ च्या फेब्रुवारीतली. दोन जीपगाड्या आल्या. पंचायतीने मला बोलावलं, कारण माझं शेत भिंतीला लागून. आलेले साहेब सज्जन होते, आवाज चढवणारे नव्हते. कागदावर एकेक ओळ वाचत होते. भिंत आहे? आहे. लांबी? टेप लावली. चर आहे? आहे. गाळाचे खड्डे किती? मोजले. झाडं किती, जगलेली किती? मोजली. सगळीकडे खूण झाली. मी म्हटलं, "साहेब, हे खड्डे मिरगाच्या पहिल्या आठ दिवसांत काठोकाठ भरतात. पुढचे तीन महिने पाणी त्यांच्या वरून जातं. ते उपसतात कधी, तेही लिहा." साहेब म्हणाले, "उपसायला सांगितलेलं आहे." मी त्यांना माझ्या शेतात यायला सांगितलं. तेही आले. मी त्यांना खुंटी दाखवली.

ही खुंटी मी २००४ साली शेताच्या वरच्या कोपऱ्यात ठोकली होती. खैराची, तिच्यावर कोयत्याने बोटाबोटाच्या खुणा. चवथीला आणि दिवाळीला गाळ कुठवर आला ते मी एका वहीत लिहीत होतो. दोन पावसाळ्यांत चार बोटं चढला होता. साहेबांनी वही वाचली, खुंटी बघितली आणि खरं तेच बोलले. म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे. पण हे शेत खाणीच्या हद्दीबाहेर आहे. माझ्या फॉर्मात याला रकाना नाही."

मला त्या माणसाचा राग आला नाही. पण ते वाक्य घेऊन मी बरीच वर्षं फिरलो. माती हद्दीच्या आत टाकली, वाहून बाहेर आली, आणि बाहेर आल्यावर तिचा हिशेब संपला. भिंत आहे की नाही हे पाहिलं जात होतं. भिंतीने माती अडवली का, हे भिंतीच्या खालच्या बाजूलाच कळणार. तिथे रकाना नव्हता.

पुढची पाच-सहा वर्षं चीनच्या मागणीची. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त दगड बाहेर गेला. दगड वाढला तशी टाकाऊ मातीही वाढली. पूर्वी कमी प्रतीचा म्हणून टाकलेला मालही आता खपत होता, म्हणून जुने बसलेले डंप पुन्हा उकरले गेले. ज्या उतारावर वीस वर्षांत कशीबशी झुडपं धरली होती, तो उतार परत उघडा झाला. माझ्या वहीत २०१० च्या दिवाळीला एक वीत पूर्ण झाल्याची नोंद आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ च्या एप्रिलमध्ये निकाल आला, की हे भाडेपट्टे २००७ सालीच संपले होते, आणि भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर माती टाकायला कायद्यात जागा नाही. तो निकाल वर्तमानपत्रात वाचला तेव्हा हद्दीबाहेरच्या मातीची गोष्ट देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाने लिहिली याचं मला बरं वाटलं. मग काही खाणी नव्याने सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या निकालाने मार्चच्या मध्यावर पुन्हा बंद झाल्या.

आता आमचा त्रास संपेल असं पुष्कळांना वाटलं. आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून जेसीबी लावला, गाळाचा थर ओढून बांधावर घातला, शेणखत घातलं, आणि २०१८ च्या पावसात भात लावलं. सव्वा खंडी आलं. बायकोने त्या तांदळाचे नवं दिवशी पातोळे केले. पण पुढच्याच पावसात लोंढा आला, आणि तो आधीपेक्षा वाईट होता. कारण सरळ होतं. खाण चालू असताना निदान यंत्रं होती, माणसं होती, गाळाचे खड्डे उशिरा का होईना उपसले जात. खाण अशी मध्येच बंद पडली आणि डंपाला कुणी धनी उरला नाही. भिंतीचा एक तुकडा ढासळला तो तसाच पडून. चर बुजली ती तशीच. अंतिम आराखडा, दाखला, हे सगळं आपण होऊन खाण सोडणाऱ्याला धरून लिहिलेलं. कोर्टाने भाडेपट्टाच संपवला तर डंप पावसाळ्यात कुणी सांभाळायचा, याचं उत्तर आम्हाला पंचायतीतही मिळालं नाही आणि पणजीतही.

आमच्यापासून लांब नाही, सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे २०२१ च्या जुलैमध्ये खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटला आणि चिखलाचं पाणी लोकांच्या घरांत, बागायतीत शिरलं. ते चित्र टीव्हीवर पाहिलं त्या रात्री आमच्या वाड्यावर कुणी झोपलं नाही. आमच्या वरचाही खड्डा काठोकाठ भरलेला होता.

२०२२ साली सरकारने जुन्या भाडेपट्टेदारांना जागा सोडायला सांगितलं आणि डिसेंबरात खाणींच्या पट्ट्यांचा लिलाव सुरू केला. २०२३ मध्ये डंपांसाठी वेगळं धोरण आलं. २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातली लिलावातली पहिली खाण चालूही झाली. आमच्या भागासाठी जाहीर सुनावणी झाली तेव्हा मी वही घेऊन गेलो. पाच मिनिटं मिळाली. बाजूने बोलणारे होते, विरोधातही होते. ज्यांचे ट्रक सहा-सहा वर्षं दारात गंजले ते खाण मागत होते, आणि त्यांची भूक मला कळत होती. मी खाण हवी की नको यावर बोललो नाही. मी पाहणीबद्दल बोललो. तीन गोष्टी मागितल्या आणि लेखी दिल्या.

पहिली, डंपाची पाहणी जुलैमध्ये व्हावी. फेब्रुवारीत सगळ्या भिंती उभ्या असतात. दुसरी, मोजणी डंपाच्या खालच्या शेतात आणि व्हाळात व्हावी. किती झाडं लावली याच्या शेजारी किती माती उतरली हा रकाना असावा. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. प्रत्येक शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक खुणांची खुंटी, आणि व्हाळाच्या पाण्याची बाटली, एवढ्यावर सुरुवात होते. तिसरी, पाहणीच्या कागदावर खालच्या शेतकऱ्याची सही असावी, आणि हमीची रक्कम त्या सहीशिवाय सुटू नये. खाण विकली गेली, थांबली, कोर्टाने बंद केली, तरी त्या रकमेतून खड्डे उपसायचं काम चालू राहावं.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं, कागदावर शिक्का मारून पोच दिली. पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. मुलगा म्हणतो, बाबा, शेत विकून टाकूया, घेणारे आहेत. मी त्याला नाही म्हटलेलं नाही. त्याच्यापुढे त्याचा संसार आहे. एवढंच सांगितलं, की विकायचं तर खुंटी आणि वही शेताबरोबर दे. घेणाऱ्याला कळू दे की हे किती बोटं गाळाचं शेत आहे.

यंदाच्या चवथीला खुंटीवरची नोंद दीड बोट. अकेशियाच्या खाली एका घळीत आम्ही वाड्यातल्या पोरांकडून वाळ्याचे गड्डे लावून घेतले आहेत, दोन ओळी, कुणाच्या आराखड्यात नसलेल्या. श्रावणातल्या मोठ्या पावसात खोळ घेऊन बघायला गेलो. वरच्या ओळीमागे गाळ अडला होता. खालच्या ओळीतून येणारं पाणी तांबडंच होतं, पण पायाखालची वाटेवरची दगडं त्यातून दिसत होती.